कमी पैशांत घर पालटणं : नागपूरकरांचा अनुभव धागा

मोजपट्टी (धागा काढणारी)

हा धागा सजवलेल्या खोल्यांच्या फोटोंसाठी नाही. माप, प्रमाण, कामाचा क्रम आणि काम कुठे बिघडतं, एवढंच लिहा. दर लिहू नका. इतवारीतला भाव मानेवाड्यात लागू पडत नाही आणि दोन्हीकडचे सहा महिन्यांत शिळे होतात.

सुरुवात उद्दिष्टापासून करते. ‘यंदा घर नीट करायचं’ हे नुसतं बोलणं झालं. ‘मे महिन्यात दुपारी मधली खोली वापरता आली पाहिजे’, ‘पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीचे पोपडे निघता कामा नयेत’, ‘ओट्यावर भाजी चिरताना आपलीच सावली हातावर पडायला नको’, ही उद्दिष्टं. काम झालं की नाही ते अशा वाक्यावरून तपासता येतं. वर्षाला अशी तीनच वाक्यं घ्या, चौथं पुढच्या वर्षी.

प्रत्येकापुढे महिना लिहायचा आणि तो हवामान बघून लिहायचा. गच्चीचं काम एप्रिल-मेमध्ये, मृग लागायच्या आत. बाहेरचा रंग पाऊस गेल्यावर, भिंती सुकल्या की. आतला रंग खरं तर दिवाळीनंतर; दिवाळीच्या तोंडावर चांगला रंगारी मिळत नाही आणि मिळाला तरी तीन घरं एकदम धरून बसलेला असतो.

समजा हाताशी ६० हजार आहेत. त्यातले ९ हजार आधी बाजूला काढा. भिंत किंवा फरशी उकरल्यावर खाली जे निघतं त्याच्यासाठी ते आहेत, पडद्यांसाठी नाहीत. उरलेल्या ५१ हजारांत आधी पाणी, मग वीज, मग ऊन, आणि सगळ्यात शेवटी दिसणं. हा क्रम उलटा केला की त्याच भिंतीवर दोनदा पैसे जातात.

चुनाबादली

ताईंनी गच्ची पहिली घेतली ते बरोबर. या शहरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सातनंतर ते खोलीत सोडत बसतो. म्हणून वरच्या मजल्यावर दुपारपेक्षा रात्री दहाला जास्त घालमेल होते. पंखा जोरात केला तर छताची तीच गरम हवा खाली येते.

सगळ्यात स्वस्त उपाय चुन्याचा. ५०० चौरस फूट गच्चीला दोन हातांसाठी २० ते २५ किलो चुना लागतो. कळीचा चुना आदल्या दिवशी लोखंडी ड्रममध्ये भिजवायचा. प्लास्टिकची बादली त्या उष्णतेने वितळते. पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, उसळून अंगावर येतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे घातल्याशिवाय जवळ जाऊ नये. दुसऱ्या दिवशी जुन्या धोतराच्या कापडातून गाळायचा आणि १० किलो चुन्याला साधारण अर्धा किलो डिस्टेंपरमध्ये घालतात तो पांढरा गोंद मिसळायचा. गच्ची झाडून, धुऊन, किंचित ओलसर असताना पहिला हात उभा, दुसरा आडवा. कोरड्या तापलेल्या स्लॅबवर लावला तर ब्रश ओढला जातो आणि चुना पावडर होऊन पायाला लागतो. टिकतो एक उन्हाळा, पहिल्या जोराच्या सरीला बराच वाहून जातो. त्याबद्दल तक्रार नाही, त्या पैशांत तेवढंच मिळतं.

मात्र गच्चीवर आधीच रबरासारखं वॉटरप्रूफिंग कोटिंग असेल तर त्यावर चुना मारू नका, पापुद्रे सुटतात. तिथे पांढऱ्या रंगाचंच कोटिंग घ्या.

गळती असेल तर ती आधी. भेग ‘व्ही’ आकारात ६ ते ८ मिमी उकरायची, तारेच्या ब्रशने साफ करायची, ओली करायची आणि पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरायची. एक भाग सिमेंट, तीन भाग बारीक वाळू. ५ किलो सिमेंटला अर्धा लिटर एसबीआर लॅटेक्स (हेच ते पॉलिमर, दुधासारखं पातळ), बाकी पाणी लागेल तेवढंच. नुसत्या सिमेंटने भरलेली भेग पुढच्या मे महिन्यात परत उघडते, कारण स्लॅब रोज ताणतो-आकसतो आणि सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही. कठडा आणि स्लॅबच्या सांध्यात दोन इंचांचा गोला काढा, म्हणजे काटकोनी कोपरा त्याच मालाने भरून गोलसर करा. बहुतेक गळती स्लॅबच्या मधून नाही, या कोपऱ्यातून येते. उतार शंभराला एक हवा, म्हणजे १० फुटांत सव्वा इंच. तो नसेल तर वरून कितीही कोटिंग मारा, पाणी साचणार आणि साचलेलं पाणी वाट शोधणार.

कोटिंग सकाळी नऊच्या आत. संध्याकाळी हवा गार वाटते पण स्लॅब तापलेलाच असतो, त्यामुळे वरचा थर पटकन आळतो आणि आतली वाफ फुगे काढते. कोटिंगच्या पहिल्या आणि दुसऱ्या हाताच्या मध्ये फायबरची जाळी टाका, निदान भेगा आणि गोल्यावर तरी. पूर्ण सुकल्यावर पाइपाचं तोंड बंद करून दोन इंच पाणी ४८ तास उभं ठेवा. खालून छत कोरडं राहिलं तरच मिस्त्रीचा शेवटचा हप्ता द्या.

खसताटी

कूलरबद्दल कोणीच लिहिलं नाही बाप्पा! नागपुरात कूलर हा घराच्या रचनेचाच भाग आहे. अर्ध्या खिडक्या त्याच्यासाठीच कापलेल्या असतात आणि खिडकीखालची अर्धी ओल त्याचीच असते.

आकाराचा हिशोब सोपा आहे. खोलीची लांबी, रुंदी, उंची फुटांत गुणायची आणि दोनने भागायचं. १० × १२ × १० ची खोली १२०० घनफूट, म्हणजे ६०० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा; कूलरवर हाच आकडा असतो), म्हणजे ताशी साधारण १००० घनमीटर हवा. आपल्याकडच्या उन्हाला त्याच्या दीडपट धरा. त्याहून मोठा आणून फक्त आवाज आणि पाणी वाढतं.

हवा आत आली तर तेवढीच बाहेर जायला पाहिजे. समोरच्या बाजूचा खिडकीचा एक पल्ला, निदान दोन चौरस फूट, उघडा ठेवा. ‘थंडावा जातो’ म्हणून दार-खिडकी बंद केली की दमटपणा साचतो, अंग चिकचिकतं, गाद्यांना वास येतो आणि कपाटामागच्या भिंतीला बुरशी धरते. मग लोक रंगाच्या कंपनीला नावं ठेवतात.

स्टँड भिंतीपासून ३-४ इंच लांब. कूलर आणि खिडकीच्या चौकटीच्या मधल्या फटीत बाहेरच्या बाजूला उतार दिलेला पत्रा बसवा, थेंब भिंतीवरून न ओघळता बाहेर पडले पाहिजेत. बोअरचं पाणी असेल तर टाकीतलं सगळं पाणी आठवड्यातून एकदा सोडून द्या. नुसतं वरून भरत राहिलं तर क्षार वाढत जातात आणि ताट्या दगड होतात. जुन्या टाकीचा गंज खरवडून रेड ऑक्साइडचा एक हात, मग डांबरी काळ्या रंगाचे दोन हात, आणि तीन दिवस सुकवणं. हे मार्चमध्येच करून टाका, नंतर एक दिवसही कूलर बंद ठेवता येत नाही.

पोपडा

भिंतीला ओल दिसली की आधी ती कुठून येते ते ठरवा. एक फूट बाय एक फूट जाड प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर हवाबंद चिकटवा, दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या, पाणी असेल तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला असेल तर ती खोलीतल्या हवेची आहे, खसताटी भाऊंनी सांगितली ती. दोन्हींचा इलाज वेगळा.

भिंतीतून येत असेल तर रंग, पुट्टी, वॉलपेपर सगळं थांबवा. नळाची पाइपलाइन, पलीकडची न्हाणी, बाहेरच्या भिंतीला टेकलेला मातीचा ढीग, आधी हे बघा. ओल फक्त खालच्या दोन-तीन फुटांतच आणि पांढरा लोणा सुटलेला असेल तर ती जमिनीतून चढते आहे. तिथलं प्लास्टर ओलीच्या रेषेच्या वर फूटभरापर्यंत काढून भिंत उघडी सुकू द्यावी लागते. महाल या जुन्या वस्तीतल्या घरांच्या भिंती विटा आणि चुन्याच्या असतात. त्यांना आतून सिमेंटचं पक्कं प्लास्टर केलं तर ओल जात नाही, वर सरकते, आणि पुढच्या वर्षी सहा फुटांवर दिसते. तिथे चुन्याचंच प्लास्टर आणि चुन्याचाच रंग.

आता कोरड्या भिंतीचं गणित. १० × १२ ची खोली, उंची १०. चार भिंती ४४० चौरस फूट, एक दार आणि एक खिडकी वजा करून ४०० धरा. पुट्टीचे दोन हात : ४० किलोची एक गोणी. प्रायमर ३ ते ४ लिटर. मध्यम प्रतीचं इमल्शन दोन हातांना ४ ते ५ लिटर. डब्यावरचं क्षेत्रफळ गुळगुळीत पृष्ठभागाचं असतं, आपल्या भिंतीचं नाही. सगळा रंग एकाच वेळी, एकाच बॅचचा घ्या. मागाहून आणलेला अर्धा लिटर उन्हात वेगळा दिसतो.

जुना डिस्टेंपर हाताला पावडर लावत असेल तर तो खरवडून धुतल्याशिवाय पुट्टी धरणार नाही, चकत्या होऊन पडेल. पुट्टी वर्षभरातल्या सगळ्यात वाईट महिन्यात, म्हणजे मेमध्ये, करायचीच असेल तर भिंत आधी ओली करा आणि एका वेळी तासाभरात संपेल तेवढीच कालवा. आळलेल्या पुट्टीत परत पाणी घालणारा कामगार दिसला तर तिथेच थांबवा. दोन्ही थर मिळून दीड मिमीच्या वर नको. खड्डे पुट्टीने नाही, प्लास्टरने भरतात. शेवटी ३२० नंबरचा पॉलिशपेपर, आणि बल्ब भिंतीला लागून आडवा धरून तपासणी. समोरून सगळ्याच भिंती सरळ दिसतात.

घाईत आहे

हे सगळं खरं, पण घरात पंधरा दिवसांवर साक्षगंध (साखरपुडा) असेल तर? ओलीच्या भिंतीवर पीव्हीसीचे पॅनल लावून चालेल का?

पोपडा

चालेल, आणि मागे बुरशी वाढेल. पॅनलच्या वरच्या काठापाशी सहा महिन्यांत डाग येतो. त्यापेक्षा ती भिंत खरवडून तशीच ठेवा, पुढे दोन इंच सोडून कापडाचा पडदा किंवा बांबूचा चिक टांगा, आणि बाकी तीन भिंती रंगवा. पाहुण्यांना कळणार नाही, भिंत सुकतही राहील.

फेज न्यूट्रल

रंगाच्या आधी वीज. दिवे-पंख्यांना १.५ चौ. मिमीची तार, १६ अँपिअरच्या पॉइंटला २.५, दीड टनाच्या एसीला ४ चौ. मिमी आणि स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच). कूलरच्या पॉइंटला अर्थिंग खरं आहे का ते तपासून घ्या. तीन पिनचं सॉकेट असणं म्हणजे अर्थिंग असणं नाही. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवणं हा या धाग्यातला सगळ्यात आवश्यक खर्च, कारण पत्र्याचा कूलर आणि ओला हात ही नागपूरच्या उन्हाळ्यातली रोजची गोष्ट आहे. पाणी भरताना पिन काढलेलीच हवी, हे तरीही.

उजेडाचं : ओट्यावरची सावली मोठ्या दिव्याने जात नाही, दिवा पाठीमागे असल्यामुळे ती पडते. वरच्या कपाटाच्या खालच्या बाजूला, पुढच्या काठाजवळ १० वॅटची एलईडी पट्टी लावा.

रंधा

सुतारकामाला प्लाय लकडगंजातून आणा की कुठूनही, शिक्का बघून घ्या. आयएस (भारतीय मानक) ३०३ म्हणजे साधा आणि आयएस ७१० म्हणजे मरीन, पाण्यात टिकणारा. सिंकखालचं कपाट सोडलं तर घरात मरीनची गरज नसते. बेडरूमच्या कपाटात मरीन घालणं म्हणजे पैसे पाण्यात. ८ × ४ चा ताव घेण्याआधी कागदावर कटिंग काढा, प्रत्येक कापाला ४ मिमी सोडा. कटिंग न काढता सांगितलेल्या मालात एखादा ताव हमखास जास्त येतो. उघड्या कडांना पट्टी लावलीच पाहिजे, अगदी मागच्या, न दिसणाऱ्या कडांनाही; वाळवी आणि ओल तिथूनच शिरतात. कपाट भिंतीपासून इंचभर पुढे आणि जमिनीपासून चार इंच वर.

जुनं सागवानी दार असेल तर ते टाकून फ्लश डोअर (प्लायचं सपाट दार) लावायचा विचारही करू नका. जुना रंग गरम हवेच्या गनने सोलून ८०, १२०, २२० असे कागद क्रमाने मारा, मधला टप्पा गाळला तर पॉलिशखाली ओरखडे उठून दिसतात. पावसाळ्यात पॉलिश केलं तर हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढुरकी झाक येते, ती पुसून जात नाही.

मोजपट्टी

छान चाललंय. करार कोणीच घेतला नाही म्हणून थोडक्यात : लेबर रेट की मटेरियलसह, दार-खिडकी वजा करून मोजणार की धरून, पुट्टीचे हात किती, मलबा कोण उचलणार, हे चार मुद्दे कागदावर. काही रंगारी खिडक्या वजा करत नाहीत. चालेल, पण मग दर तसा ठरवा. उचल वीस टक्क्यांच्या वर नको, आणि दहा टक्के पंधरा दिवस हातात ठेवा.

न्हाणीघर

फरशा न उखडता बाथरूम बदलायचं असेल तर आधी लाकडी दांड्याने प्रत्येक फरशीवर टकटक करा. पोकळ वाजणाऱ्या फरशा काढून परत बसवा, बाकीच्यांचे सांधे ३ मिमी खोल उकरा आणि इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा माल) भरा. सिमेंटचं ग्राउट अ‍ॅसिडने धुऊन धुऊन संपतं, मग तिथून पाणी खाली उतरतं आणि पोपडा यांच्याकडची प्लास्टिकची चाचणी करायची वेळ येते. इपॉक्सी उन्हाळ्यात अर्ध्या तासात आळतं, म्हणून एका वेळी पाव डबाच मिसळा आणि फरशीवरचा चिकट थर लगेच ओल्या स्पंजने पुसा. दुसऱ्या दिवशी तो पत्रीनेही निघत नाही. सांधे पूर्ण कोरडे असल्याशिवाय सुरू करू नका, दोन दिवस अंघोळ दुसरीकडे. आणि नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीवरच्या जाळीखालचा, पाणी धरून गटाराचा वास अडवणारा भाग) ५० मिमी पाणी उभं राहतंय का ते बघा. उन्हाळ्यात बरेच दिवस घर बंद असलं तर ते आटतं आणि गटाराचा वास घरात येतो, म्हणून गावाला निघताना ट्रॅपमध्ये मगभर पाणी आणि त्यावर चमचाभर गोडं तेल.