पहिल्या भेटीत सगळं सांगावं लागत नाही
‘काय बोलायचं या धास्तीने समुपदेशकाची अपॉइंटमेंट घेतली आणि ऐनवेळी रद्द केली,’ असं तुम्ही लिहिलंय. ही धास्ती फार जणांना असते. मी स्वतः समुपदेशक आहे, म्हणून आमच्या बाजूने सांगते.

पहिल्या भेटीत मी आधी गोपनीयतेचं बोलते. इथलं बोलणं घरी किंवा ऑफिसात जाणार नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही तो हक्क दिलाय. अपवादही तिथेच सांगते: जिवाला धोका असेल किंवा लहान मुलावर लैंगिक अत्याचार होत असेल, तर मला गप्प बसता येत नाही. हे आधी स्पष्ट झालं की माणूस जरा सैलावतो.

पुष्कळदा आई कॉलेजातल्या मुलाला घेऊन येते आणि तीच बोलत राहते. थोडा वेळ ऐकून मी त्यांना बाहेर बसायची विनंती करते. मुलगा तरीही गप्पच. मग ‘काय त्रास होतो?’ असं विचारतच नाही. ‘काल झोप लागली का? सकाळी काय खाल्लंस?’ झोप-भुकेवरून बरंच कळतं आणि सांगताना लाजही वाटत नाही.

तुम्हाला सुचत नसेल तर चार ओळी कागदावर लिहून न्या, वाचून दाखवा. रडू आलं तर येऊ द्या. फी, वेळ, साधारण किती भेटी लागतील, हेही बिनधास्त विचारा. सूर जुळला नाही तर समुपदेशक बदला, त्यात आमचा अपमान नाही.

प्रत्यक्ष जाणं आत्ता जमतच नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.