तुळशीची माळ तुटली: पुन्हा कशी ओवावी, आणि कृपेत खंड पडतो का?

रिंगणवाट

राम कृष्ण हरी.

सासूबाईंची तुळशीची माळ आज सकाळी तुटली. १०८ मणी अधिक मेरुमणी (माळेची दोन टोकं जिथे जुळतात तो मणी), मणी साधारण ६ मिमीचे, दोरा सुती. घर झाडून १०३ मणी आणि मेरुमणी मिळाला, पाच मणी गेले. गळ्यात माळ नसताना अन्न घ्यायचं नाही असा त्यांचा नेम आहे, त्यामुळे त्या जेवल्या नाहीत. त्यापेक्षा मोठी काळजी म्हणजे त्यांच्या मनाने घेतलंय की देवाने पाठ फिरवली.

विचारायचं ते असं:
१. हीच माळ पुन्हा ओवता येते की नवी घेऊन महाराजांकडून परत घालून घ्यावी लागते?
२. दोरा कोणता, किती लांब, गाठ कशी?
३. कमी पडलेले पाच मणी घरच्या तुळशीचे करता येतील का?
४. देवाची कृपा काही न मागता मिळते असं कीर्तनात ऐकतो. मग माळ, टिळा, एकादशी हे सगळं कशासाठी? माळ तुटल्यावर नेमकं काय तुटतं?

भीमातीर

माउली, बाकीचं सगळं नंतर. आधी मिळालेल्या मण्यांपैकी एक मणी साध्या सुती दोऱ्यात ओवा, सासूबाईंच्या गळ्यात बांधा आणि त्यांना जेवायला वाढा. तुळशीचा एक मणी गळ्यात असला तरी गळा मोकळा नाही. १०८ ही जपाच्या मोजणीची संख्या आहे, गळ्यात माळ असण्याची ती अट नाही.

माळ हीच ओवायची. मणी तेच, मेरुमणी तोच, ज्यांनी घातली ते महाराजही तेच. दोरा बदलला म्हणून परत घालून घ्यावी लागत नाही. माळ पूर्ण हरवली तर नवी माळ आपल्या फडाच्या (वारकऱ्यांच्या गुरुपरंपरेच्या) महाराजांकडून ज्ञानेश्वरीवर ठेवून घेतात आणि मग घालतात. तुमचं तसं झालेलं नाही. तरी सासूबाईंच्या मनाला बरं वाटत असेल तर ओवलेली माळ तुळशीपत्रासह घरच्या ज्ञानेश्वरीवर ठेवा, हरिपाठ म्हणा आणि मग घाला. वासकर, देहूकर, आजरेकर, शिरवळकर अशा प्रत्येक फडाची थोडी थोडी वेगळी रीत असते. त्यांची माळ ज्या फडाची असेल तिथे एक फोन करून विचारलेलं उत्तम.

आता दोरा. नुसता सुती दोरा घामाने कुजतो आणि मेरुमण्याजवळच तुटतो, कारण सगळा ताण आणि गाठ तिथे असते. तुमचंही बहुधा तसंच झालं असेल, तुटलेलं टोक बघा. ते पिंजारलेलं आणि काळपट असेल तर दोरा कुजला होता. टोक एकदम स्वच्छ कापल्यासारखं असेल तर एखाद्या मण्याच्या भोकाची कड धारदार आहे. तो मणी शोधून दाभणाने भोक आतून घासून घ्या, नाहीतर नवा दोराही तिथेच कापला जाईल.

नायलॉनचा दोरा टिकतो, पण दोन कारणांनी मी तो सुचवणार नाही. तुळशीचं लाकूड मऊ असतं, बारीक नायलॉन वर्षभरात भोक कापून लांबट करतो. शिवाय माळ कुठे अडकली तर तुटायला हवी, गळ्याला फास बसता कामा नये. मळणीयंत्र, पंपाचा पट्टा, कडबाकुट्टी यांच्यासमोर काम करणाऱ्या माळकऱ्यांनी तर माळ सदऱ्याच्या आतच ठेवावी. पीळदार, मेण लावलेला सुती दोरा किंवा १ मिमीचा रेशमी गोफ घ्या.

मोजमाप: ६ मिमीचे १०८ मणी म्हणजे सुमारे ६५ सेंमीचा वेढा, डोक्यावरून सहज निघतो. मणी सलग ओवणार असाल तर दोरा दुहेरी घ्या आणि एकूण २ मीटर कापा, गाठीला भरपूर उरतो. प्रत्येक मण्यानंतर गाठ मारणार असाल तर दोरा एकेरी, पण एका गाठीत सुमारे १ सेंमी दोरा जातो. १०८ गाठींचे जवळपास ११० सेंमी, वेढ्याचे ६५, टोकांचे ४०, म्हणजे सुमारे २१५ सेंमी. अडीच मीटर घेतलात तर शेवटी पंचाईत होणार नाही. गाठींमुळे माळ दहा-बारा सेंमीने लांबेल, पण तुटली तरी मणी विखुरणार नाहीत. सासूबाईंचं वय लक्षात घेता मी गाठींचीच करेन.

शेवटी दोन्ही टोकं मेरुमण्यातून एकत्र काढा आणि खाली निरगाठ मारा. सुरगाठ नको, ती घामाच्या ओलाव्याने सरकते. गाठ घट्ट ओढून दोन टोकं दीड सेंमी ठेवा. गाठीला अगदी लगत कापलं की आठवड्यात सुटते, ही सगळ्यात नेहमीची चूक.

इंद्रायणीकाठ

भीमातीर यांनी दोऱ्याचं सांगितलं, मी चौथ्या प्रश्नाकडे येतो. तो सासूबाईंना नीट समजावून सांगायला हवा असं मला मनापासून वाटतं.

पंढरपूरची कथा जिथून सुरू होते तिथे पाहा. देव पुंडलिकाच्या दारात आला तेव्हा पुंडलिकाने त्याला बोलावलं नव्हतं. देवासाठी एखादं व्रत केलं म्हणून देव आला असंही नाही. तो आईवडिलांची सेवा करत होता, त्याने मागे वळून वीट सरकवली आणि देव तिच्यावर उभा राहिला. आधी देव आला, वीट नंतर. कृपा आणि खूण यांचा क्रम वारकरी संप्रदायात हाच आहे. माळही त्या विटेसारखीच नंतरची. आलेला देव आपल्या लक्षात राहावा म्हणून ती गळ्यात असते.

माळ घालताना जे नेम सांगतात ते आठवा: मद्यमांस वर्ज्य, परस्त्री मातेसमान, खोटं बोलायचं नाही, एकादशी, रोज हरिपाठ, वर्षातून एक तरी वारी. हे पाळलं तर देव प्रेम करेल, असं त्यात कुठेही नसतं. देवाला आपण ‘माउली’ म्हणतो. आई लेकराला आधी पोटाशी धरते, त्याची वागणूक त्यानंतरची. नेम आपल्यासाठी आहेत, कारण विसरणारे आपण आहोत. माणूस सकाळी उठल्यापासून बाजारभाव, मुलांची फी, गुडघ्याचं दुखणं यांत बुडून जातो. आंघोळ करताना हात गळ्याशी जातो, मणी लागतात आणि तोंडात नाम येतं. माळेचं काम एवढंच, पण दिवसातून दहा वेळा होणारं.

म्हणून काय तुटलं? दोरा तुटला. थोडा वेळ आठवण करून देणारं एक साधन गळ्यात नव्हतं. कृपा त्या दोऱ्यात ओवलेली नव्हती, त्यामुळे ती पाच मण्यांबरोबर घरंगळून जाण्याचा प्रश्न येत नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, ती आपल्याला झोंबणारी आहे. अस्पृश्य ठरवलेल्या जातीतले संत चोखामेळा, म्हणजे आपले चोखोबा, यांची समाधी पंढरपूरच्या मंदिराच्या महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. मंदिराच्या आत त्यांना घेतलं नाही. पुढे शेकडो वर्षं अस्पृश्य ठरवलेल्या भाविकांना विठ्ठलाचं दर्शन बंद होतं आणि ते दार उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावं लागलं. अडवणाऱ्यांमध्ये गळ्यात माळ असलेले लोक होते, आणि ज्यांना अडवलं त्यांच्याही गळ्यात माळा होत्या. खूण होती, पण ज्याची ती खूण त्याचीच आठवण गेली होती. मणी मोजून १०८ असणं पुरेसं नाही, हे यापेक्षा स्पष्ट कशातून दिसणार? चोखोबांवर कृपा होती की नाही, ते दाराने ठरवलं नाही.

सासूबाईंना एवढंच विचारा: तुटायच्या आधीच्या क्षणी देव माळेमुळे जवळ होता का, की तो जवळ आहे म्हणून माळ घातली होती?

दाभण_आणि_दोरा

तिसरा प्रश्न माझ्याकडे. घरच्या तुळशीचे मणी नक्की होतात. पण जिवंत रोप त्यासाठी कापू नका. दोन-तीन वर्षांचं रोप आपसूक वाळलं की त्याचा बुंधा आणि जाड फांद्या ठेवून द्या.

लाकूड सावलीत तीन-चार आठवडे वाळवा. उन्हात घाईने वाळवलं की रेषेच्या दिशेने तडकतं, मग भोक पाडताना मणी दोन तुकडे होऊन हातात येतो. पेन्सिलएवढ्या जाडीचा सरळ भाग निवडा, साल चाकूने खरवडा, ७ मिमीचे तुकडे करवतीच्या बारीक पात्याने कापा. पाच मणी हवे असतील तर दहा तुकडे करा, निम्मे फुटतातच. तुळशीच्या काडीच्या मध्यभागी मऊ गाभा असतो, त्यामुळे भोकाची जागा निसर्गाने दिलेलीच आहे. हातड्रिलला १.५ मिमीचं पातं लावा आणि दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं पाडा. एकाच बाजूने आरपार गेलं की शेवटच्या टोकाला कड उडते. भोक पाडून झाल्यावर मणी खिळ्यावर घालून काचकागदावर फिरवत गोल करा, आधी १२० नंबर, मग २२०. सगळा घास उतरल्यावर ७ चे ६ मिमी होतात.

मण्यांना व्हॉर्निश लावू नका. माळेने मान खाजते अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा दोष रंगाचा किंवा व्हॉर्निशचा असतो. विकतचे मणी जुळवणार असाल तर एक मणी कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. पाणी तपकिरी किंवा तांबूस झालं तर मणी रंगवलेला आहे. वासावरून मात्र पारख करू नका. वाळलेल्या तुळशीच्या लाकडाला पानांसारखा वास राहत नाही, उलट फार घमघमणारा मणी अत्तरात बुडवलेला असण्याचीच शक्यता जास्त. पंढरपुरात काशीकापडी समाजातली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या या माळा करत आली आहेत. पाच सुटे मणी मागितले तर जुन्या माळेच्या मापाचे मिळू शकतात, जाताना मापासाठी एक मणी सोबत न्या.

निगा: माळ पाण्यात भिजत ठेवायची नाही, साबण भोकात बसून दोरा कुजवतो. आंघोळीनंतर कोरड्या पंचाने टिपा. महिन्यातून एकदा तिळाच्या तेलाचे दोन थेंब तळहातावर घेऊन माळ त्यातून फिरवा. जास्त तेल लावलं की धूळ धरून काळा थर बसतो. दोरा दरवर्षी बदला, आषाढीच्या आधी बदलायचा असं ठरवलं की लक्षात राहतं.

रिंगणवाट

सगळ्यांचे आभार. एक मणी ओवून लगेच गळ्यात बांधला, सासूबाई जेवल्या. इंद्रायणीकाठ, तुमचा प्रश्न त्यांना वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण हरिपाठाला बसल्या.

अजून दोन शंका. पुढच्या महिन्यात त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे, तिथे माळ काढायला लावतील का? आणि त्यांचा गोपीचंदनाचा टिळा हल्ली अर्ध्या तासात तडकून गळतो.

भीमातीर

शस्त्रक्रियेसाठी गळ्यातलं सगळं काढायला सांगणं ही साधारण पद्धत आहे, त्यात भक्तीचा अवमान नाही. डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, काही ठिकाणी हाताला चिकटपट्टीखाली ठेवू देतात. नाही म्हणाले तर घरातल्या माणसाने ती स्वच्छ रुमालात धरून बाहेर बसावं. एमआरआय असेल तर लाकडी मण्यांना धातूसारखा धोका नाही, पण चांदीच्या टोप्या किंवा तार असेल तर सांगायलाच हवं. त्या दिवशी एकादशी आली आणि औषध घ्यायचं असेल तर औषध घ्यावं, सोबत खायला सांगितलं तर खावं. साखरेचा आजार असेल तर उपासाचं आधीच डॉक्टरांशी बोला. साबुदाणा आणि बटाटा खाऊन दिवसभर काढला की साखर वर जाते, आणि काहीच न खाता गोळी घेतली की खाली येते.

गोपीचंदन ही द्वारकेजवळच्या गोपी तलावाची माती. टिळा तडकतो तो जाड लागल्याने. सहाणेवर दोन-तीन थेंब पाण्यात उगाळा, साईसारखं दाट झालं की थांबा. कपाळ आधी पुसून कोरडं करा. तेलकट कपाळावर माती धरत नाही, हेही गळण्याचं कारण असतं. नाकाच्या मुळापासून वर पातळ उभा टिळा ओढा, पूर्ण वाळू द्या आणि मगच मध्ये बुक्का (काळी सुगंधी पूड) लावा. ओल्यावर बुक्का लावला की फिसकटतो.

टेम्सकाठचा_टाळ

परदेशातल्या मंडळींसाठी थोडी भर. गळ्यातली माळ विमानतळावरच्या तपासणीत सहसा अडत नाही. पण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये लाकडी वस्तू, बिया आणि मातीबाबत नियम कडक आहेत. सामानात जास्तीच्या माळा, तुळशीचं बी किंवा गोपीचंदन असेल तर प्रवेशाच्या कागदावर लिहा. लिहून दाखवलेल्या वस्तू तपासून बहुधा परत देतात, न लिहिता सापडल्या तर दंड होतो. बिया शक्यतो नेऊच नका.

इंद्रायणीकाठ

रिंगणवाट, ओवायला बसाल तेव्हा मणी सासूबाईंच्या हातात द्या आणि दोरा तुम्ही धरा. प्रत्येक मण्याला ‘राम कृष्ण हरी’ म्हणत ओवलं तर गाठींसकट दीड-दोन तास लागतील. घरचे पाच नवे मणी मेरुमण्याच्या दोन्ही बाजूंना विभागून घाला, तीन एकीकडे, दोन दुसरीकडे. त्यांचा रंग फिकट दिसेल, घामाने आणि तेलाने वर्षभरात जुळून येतो.