जुने हेरपट, भयपट, विज्ञानपट पुन्हा बघताना: कोणती आवृत्ती, कोणती सेटिंग्ज?

अंधारयात्री:
नमस्कार मंडळी. 'नोस्फेराटू' (१९२२), 'द इप्क्रेस फाइल' (१९६५), 'एलियन' (१९७९) आणि 'ब्लेड रनर' (१९८२) पुन्हा बघायचे आहेत. टीव्ही ५५ इंची एलईडी, डिस्क प्लेअर एचडीएमआयने जोडलेला. माणसं हलली की चित्र रोजच्या मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. अंधाराच्या प्रसंगांत नुसता काळा डाग. शिवाय एकाच सिनेमाची लांबी दर डिस्कवर वेगळी. आधी सेटिंग लावू की आधी आवृत्ती ठरवू?

रीळ_३५:
आधी टीव्ही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः रचून घालतो, म्हणून तो गुळगुळीतपणा. एलजीवर 'ट्रूमोशन', सोनीवर 'मोशनफ्लो', सॅमसंगवर 'पिक्चर क्लॅरिटी' (जुन्या संचांवर 'ऑटो मोशन प्लस') पूर्ण बंद करा. प्लेअरमध्ये २४पी (सेकंदाला २४ फ्रेम) आउटपुट चालू ठेवा. नाहीतर ६० हर्ट्झमध्ये बसवण्यासाठी एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवली जाते आणि कॅमेरा संथ फिरताना चित्र अडखळतं.

काळा डाग बहुतेक वेळा एचडीएमआय ब्लॅक लेव्हलमुळे पडतो. सिनेमाच्या डिस्कवर काळा रंग १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. प्लेअर ० ते २५५ पाठवत असेल आणि टीव्ही १६ ते २३५ धरून बसला असेल, तर सावल्यांमधला सगळा तपशील गिळला जातो. उलटं झालं तर काळं धुरकट दिसतं. दोन्हीकडे 'लिमिटेड' (१६ ते २३५) ठेवा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे चित्र मंद करणारा इको सेन्सरही बंद. 'एलियन'मधले बोगदे नीट दिसायला एवढं पुरतं.

आता 'इप्क्रेस'. हा टेक्निस्कोप या रुंद चौकटीच्या चित्रण पद्धतीत चित्रित आहे. नेहमीच्या ३५ मिमी पद्धतीत एका फ्रेमला फिल्मच्या कडेच्या चार छिद्रांची उंची मिळते, इथे दोनच. फिल्म निम्मी लागते, पण पडद्यावर फिल्मचा दाणा (बारीक ठिपके) मोठा दिसतो. टीव्हीचं नॉइज रिडक्शन तो दाणा खराबी समजून पुसायला जातं आणि सोबत नायक मायकेल केनच्या चेहऱ्याची त्वचाही मेणासारखी करून टाकतं. ते बंदच हवं. शार्पनेस शून्याजवळ आणा. सोनीवर मात्र ५० हाच तटस्थ आकडा आहे.

चौकटीचं प्रमाणही तपासा. हा सिनेमा २.३५:१ चा आहे. जुन्या ४:३ प्रतीत कडा कापून साधारण ४३ टक्के चित्र गेलेलं असतं. या सिनेमात दिग्दर्शक सिडनी फ्युरी माणसांना दिव्यांच्या, खांद्यांच्या, दारांच्या आडून दाखवतो. एक मारामारी तर टेलिफोन बूथच्या काचेतून दिसते. कडा गेल्या की पाळत ठेवल्याची भावनाच जाते. माझ्या मते तशी प्रत बघूच नये.

दुसरी_आवृत्ती:
आवृत्त्यांबद्दल. 'एलियन'ची १९७९ ची प्रत घ्या. २००३ च्या 'डायरेक्टर्स कट'मध्ये काही प्रसंग वाढवले आहेत, तरी एकूण लांबी मिनिटभर कमीच आहे, कारण बाकीचे प्रसंग आवळले. दिग्दर्शक रिडली स्कॉटचं स्वतःचं समाधान १९७९ च्याच प्रतीवर आहे. वाढवलेला कोशांचा प्रसंग शेवटाकडे आहे आणि पळापळीचा वेग नेमका तिथे मोडतो.

'ब्लेड रनर'ला २००७ चा 'फायनल कट'. १९८२ च्या प्रतीत निवेदन आणि सुखान्त आहे, १९९२ मध्ये दोन्ही काढून युनिकॉर्नचं स्वप्न घातलं. २००७ मध्ये उडत्या गाडीच्या दिसणाऱ्या तारा पुसल्या आणि झोरा या पात्राच्या जागी दिसणारा स्टंटबाईचा चेहरा दुरुस्त केला. रंग मात्र थोडे हिरवटलेत. निवेदनासह बघायचा असेल तर तो नंतर बघा, आधी नको.

छाया_१९२२:
'नोस्फेराटू' निव्वळ काळ्या-पांढऱ्या प्रतीत बघू नका. त्या काळच्या फिल्मला रात्रीचा उजेड पुरत नसे, म्हणून रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून प्रत निळी रंगवत. रंग काढला की रक्तपिपासू ऑर्लोक भर उन्हात शवपेटी काखेत मारून निघाल्यासारखा दिसतो, आणि पहाटेच्या किरणाने तो मरतो यालाच अर्थ उरत नाही. जुने जर्मन सिनेमे जपणाऱ्या मुर्नाऊ फाउंडेशनची रंगछटा असलेली पुनरुज्जीवित प्रत घ्या. आणि कृष्णधवल सिनेमा म्हणून टीव्हीचा 'कलर' शून्यावर नेऊ नका, निळाई जाईल.

वेगही बघा. १८ फ्रेमने चालणारा ९० मिनिटांचा मूकपट २४ ने चालवला तर साडेसदुसष्ट मिनिटांत संपतो आणि माणसं तुरुतुरु पळतात.

अंधारयात्री:
धन्यवाद. 'इप्क्रेस'ची एक डीव्हीडी चार-पाच मिनिटांनी छोटी आहे, पण एकही प्रसंग गायब नाही. असं कसं?

रीळ_३५:
ती पाल या जुन्या टीव्ही पद्धतीची असणार. त्यात सेकंदाला २५ फ्रेम, म्हणून सिनेमा ४ टक्के वेगाने पळतो. छोट्या डिस्कच्या मिनिटांना २५ ने गुणा, २४ ने भागा. उत्तर मोठ्या डिस्कशी जुळलं तर कापाकापी नाही. पण वेगासोबत आवाजाची पट्टीही सुमारे पाऊण अर्धस्वर चढते, आणि संगीतकार जॉन बॅरीच्या संगीतात ते कानाला लागतं. दोन्ही डिस्क हाताशी असतील तर ब्लू-रे किंवा २४ फ्रेमची प्रतच लावा.