शब्दचर्चा: ‘कळफलकाची भाषा’ हे बरोबर आहे का?

अभ्यासिकावाली
राजारामपुरीत आमची छोटी अभ्यासिका आहे, सहा कॉम्प्युटर, टायपिंगच्या परीक्षेची आणि स्पर्धा परीक्षेची पोरं येतात. होतंय काय, मराठीचा सराव करणारा कीबोर्ड मराठीवर ठेवून तसाच उठतो, स्क्रीन लॉक होते, पुढचा येऊन पासवर्ड मारतो की ‘पासवर्ड चुकीचा’. परत मारतो, परत चुकीचा. नुसते ठिपके दिसतात त्यामुळं आत काय उमटतंय ते कळायला मार्गच नाही. काल एक मुलगी रडकुंडीला आली, तिला वाटलं आपल्या हातनंच मशीन बिघडलं. शेवटी मी पासवर्डच्या खान्यातल्या डोळ्यावर दाबून धरलं तर आत ‘कदतपोजही’ असं काहीतरी. पासवर्ड तेव्हा कोल्हापूर हाच होता, इंग्रजी अक्षरांत, आता बदललाय.

म्हणून कागद चिकटवला, ‘पासवर्ड टाकण्याआधी कळफलकाची भाषा तपासा’. तर पेपर वाचायला येणारे एक निवृत्त मास्तर म्हणाले कळफलकाला भाषा नसते, भाषा माणसाला असते, पोरांच्या डोळ्यासमोर चुकीचं मराठी लावू नका. आणि पोरं विचारतात मॅडम कळफलक म्हणजे काय. एका ओळीत नेमकं काय लिहू?

गंगावेस
ताई, आधी दुखणं बरं करूया. लॉगिनच्या पडद्यावर खाली उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण असते ती दाबा, नाहीतर विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबायचा, दाबल तसं पुढचं येतं. आणि मशीन चालू केल्या केल्याच मराठी येत असलं तर कंट्रोल पॅनेल, रीजन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह, तिथं कॉपी सेटिंग्ज, वेलकम स्क्रीनवर टिक. पण त्याआधी तुमच्या स्वतःच्या खात्यात इंग्रजी पहिल्या नंबरला पाहिजे, न्हाईतर चुकीचंच कॉपी होतं, माझं तसंच झालेलं.

आणि कदतपोजही बरोबरच आलंय. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे सरकारी मराठी कीबोर्डात, के वर क, ओ वर द, एल वर त, एच वर प, ए वर ओकाराची मात्रा, पी वर ज, यू वर ह, आर वर दीर्घ वेलांटी. जुळवून बघा. पोरीच्या बोटानं एकही चूक केली नव्हती, हे तिला सांगा.

शब्दाचं म्हणाल तर ‘कीबोर्ड इंग्लिशवर हाय का बघा’. झालं. ह्यात कुणाला काय कळायचं राहतं?

निर्मळ मराठी
कळायचं राहत नाही, पण मराठी राहत नाही. कळफलक हा चांगला, सुटसुटीत शब्द आहे, पोरांना माहीत नसेल तर माहीत करून द्यायला अभ्यासिकेइतकी चांगली जागा कुठली? टंकलेखन, दिनांक, महापौर हेही एकेकाळी कानाला खटकायचेच. सावरकरांनी लावून धरले म्हणून आज आपण न अडखळता बोलतो. मास्तरांचा आक्षेप मात्र मला मान्य आहे. भाषा नव्हे, विन्यास. ‘कळफलकाचा विन्यास तपासा.’

गंगावेस
विन्यास वाचून ती मुलगी परत रडेल.

रंकाळ्याकाठी
विन्यासाच्या जागी लेआउट ठेवलं तरी घोळ हाय. आमच्याकडं लेआउट म्हटलं की प्लॉटच डोळ्यासमोर येतात, ‘लेआउट मंजूर झालाय का’ हेच विचारतात लोक. माझ्या वडलांना मी सांगितलं कीबोर्डचा लेआउट चुकलाय तर ते म्हणाले नगररचनाकडं जा.

मला खरं म्हणजे कळ ह्या शब्दाचंच अवघड वाटतं. आई पोटात कळ आली म्हणायची, शेजारीण कळ लावून गेली म्हणायची, आणि एस्टी स्टँडवर जरा कळ काढा म्हणायचे. ह्यातली कुठली फळीवर बसवली?

निर्मळ मराठी
कळसूत्री बाहुलीतली. कळ म्हणजे यंत्राची गुप्त खुबी, जी दाबली किंवा फिरवली की पुढचं आपोआप घडतं. कुलपाची कळ म्हणतोच की. पोटातल्या कळेशी तिचा संबंध नाही, आणि कळ लावणे मला कलहातून आलेलं वाटतं.

रंकाळ्याकाठी
हे पटत न्हाई. भांडण लावणारासुद्धा खुबीच दाबतो की, एक शब्द टाकतो आणि बाकीचं आपोआप घडतं. माझ्या मते दोन्ही कळा एकच.

जुना टंकलेखक
मी पस्तीस वर्षं भाऊसिंगजी रोडला कोर्टासमोर टंकलेखनयंत्र घेऊन बसलो, त्याच जुन्या इमारतीत २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतं. मास्तरांना माझा नमस्कार सांगा पण त्यांचं चुकतंय. आमच्या कळफलकाला भाषा होती. मराठी यंत्र वेगळं, इंग्रजी यंत्र वेगळं. दस्त मराठीत करायचा तर हे यंत्र बाजूला सरकवून ते पुढं ओढायचं, कागद परत चढवायचा, कार्बन परत लावायचा. पक्षकारही विचारायचा ‘मराठी मशीन रिकामं हाय का?’ अक्षर लोखंडी दांडीवर कोरलेलंच असायचं, ते बदलणार कसं? त्यामुळं ताईंचं वाक्य मला एकदम बरोबर वाटलं.

कळ हा शब्द आम्ही कामात कधी वापरला नाही हेही सांगतो. बटण म्हणायचो, नाहीतर खटका.

गंगावेस
काका खटका एक नंबर! खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी! पाटीवर हेच लिहा ताई, ‘भाषेचा खटका बघा’.

सीमाभाग
काका तुमचं टंकलेखनयंत्राला लागू आहे, कॉम्प्युटरला नाही. मी निपाणीचा, घरात मराठी, शाळा कन्नड, दोन्ही टाईप करतो. इनस्क्रिप्टची मांडणी १९८६ ला सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं ठरवली तीच मुळी सगळ्या भारतीय लिप्यांना एक. के दाबलं की मराठीत क आणि कन्नडमध्येही कच, फक्त वळण कन्नडचं. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. मी मराठी शिकलो तेव्हा बोटांना कन्नड आपोआप आलं, वेगळा क्लास लावला नाही. म्हणजे भाषा दोन, मांडणी एक.

आणि ह्याच्या उलटंही होतं. बहीण इंग्लंडातनं लॅपटॉप घेऊन आली, पासवर्डात ॲटची खूण, उघडेना. भाषा इंग्रजीच होती, आम्ही तीन वेळा बघितलं. पण तिकडच्या मांडणीत शिफ्ट आणि दोन दाबलं की दुहेरी अवतरण येतं, ॲट तिकडं एलच्या उजवीकडं एक घर सोडून. पाटीवर ‘भाषा तपासा’ असतं तर आम्ही भाषा तपासून ठीक आहे म्हटलं असतं आणि बाहेरच राहिलो असतो. म्हणून मास्तर बरोबर आहेत. मांडणी म्हणा.

जुना टंकलेखक
मांडणी म्हटलं की आमच्या घरात भांड्यांची. पण तुमचा मुद्दा समजला. एक यंत्र दोन भाषा लिहिणार हे माझ्या हाताला अजून नवीन आहे.

मंगळवारातला पेटीवाला
तुमच्या सगळ्यांचं वाचतोय आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही. पेटीवर जे दाबतो त्याला आम्ही कळ म्हणत नाही, बटण म्हणत नाही, पट्टी म्हणतो. आणि गवई कुठल्या सुरात गाणार तेही पट्टीच, काळी एक, काळी चार, पांढरी पाच. देवल क्लबात साथीला बसताना पहिला प्रश्न तोच, ‘पट्टी कुठली?’ कारण पेटी तीच, बोटं तीच, पण सा कुठं धरायचा ते ठरल्याशिवाय एक सूर लागत नाही. काळी एकची बोटं काळी चारच्या गाण्यावर ठेवली तर वाजवणाऱ्यानं काही चूक केलेली नसते, तरी सगळं बेसूर. त्या मुलीचं अगदी हेच झालं की! कीबोर्ड तोच, बोटं बरोबर, सा सरकलेला. ‘पासवर्ड टाकण्याआधी पट्टी बघा.’ ह्यात भाषाही येते आणि इंग्लंडचा लॅपटॉपही येतो.

सीमाभाग
हे मला फार आवडलं. मी मांडणी मागं घेतो.

निर्मळ मराठी
कल्पना सुंदर आहे आणि शब्द आपला आहे. पण ज्याच्या घरात पेटी नाही त्याला पट्टी म्हणजे फूटपट्टी. शिवाय ‘पासवर्ड’ तसाच ठेवलात. परवलीचा शब्द म्हणा.

रंकाळ्याकाठी
परवली तरी आपली कुठं? तो इंग्रजांच्या फौजेतल्या पॅरोलवरनं आलेला शब्द, पहाऱ्यावरचा शिपाई विचारायचा तो. शंभर वर्षं तोंडात घोळला म्हणून मराठी वाटतो. तसा पासवर्डही होईल की आपला, थोडी कळ काढा.

निर्मळ मराठी
मला ती व्युत्पत्ती मान्य नाही. आणि असली तरी तिचं रूप बघा, परवलीला, परवलीचा, परवलीनं, विभक्ती किती सहज लागते.

गंगावेस
पासवर्डला, पासवर्डचा, पासवर्डनं. लागली की.

जुना टंकलेखक
तुम्ही दोघं एका माणसाच्या पोटातले दोन पक्ष बोलताय. माधव जूलियन आपल्याच राजाराम कॉलेजात शिकवायचे. त्यांनी १९२५ ला फारसी-मराठी कोश केला, कवितेत फारसी शब्द मायेनं वापरले, आणि पुढं तेच भाषाशुद्धीच्या बाजूला जाऊन उभे राहिले. मला त्यांचं पहिलं रूप जवळचं वाटतं. कोर्टाच्या दस्तातले तारण, हरकत, दस्तुरखुद्द हे शब्द काढले तर माझं अर्धं आयुष्य कोरं पडेल.

निर्मळ मराठी
काका, तारण आपलंच आहे, तारणेवरून. पण दस्तुरखुद्द मीही काढणार नाही. ते हजारदा वापरून झिजून आपले झालेत, पासवर्ड अजून झिजलेला नाही एवढंच म्हणणं आहे.

अभ्यासिकावाली
गंगावेस दादा, पाच मशीनचं सेटिंग कॉपी झालं, उपयोग झाला. सहाव्यावर विंडोजऐवजी उबुंटू आहे, त्याचं काय करू? आणि पाटीचं अजून ठरलंच नाही. मी पेटीवाल्या काकांचं वाक्य मास्तरांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले शाळेत असताना मी पेटी शिकायचो.

गंगावेस
उबुंटूत लॉगिनला वरच्या बाजूला उजवीकडं खूण असते ती दाबा, नाहीतर तेच, विंडोजचं बटण आणि स्पेसबार.

मंगळवारातला पेटीवाला
ताई, मास्तर कुठल्या पट्टीत गायचे तेवढं विचारा. आणि काका, कोर्टापुढं तुम्ही शिफ्टला काय म्हणायचा? आमच्या एका जुन्या कारागिराकडं स्केलचेंजरची पेटी होती, तिच्या पट्ट्यांची अख्खी फळीच उचलून बाजूला सरकवायची, त्याला तो ‘घर बदललं’ म्हणायचा.

जुना टंकलेखक
‘वरचं दाब’ म्हणायचो. ते दाबलं की अक्षरांची चौकट खरोखरच हलायची, हाताला जड लागायचं, करंगळी दुखायची संध्याकाळी. पण ‘घर बदललं’ हे मी पहिल्यांदाच ऐकतोय. कुठले हो ते कारागीर, मिरजेचे का?