'जस्टिस'चा बास वर आणावा की नाही?

खर्जप्रेमी
मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचा १९८८ चा अल्बम '...अँड जस्टिस फॉर ऑल' ज्यांनी ऐकलाय त्यांना ठाऊक आहे की त्यात बास, म्हणजे खालच्या स्वरांची गिटार, जवळजवळ ऐकूच येत नाही. हेडफोन बदला, आवाज वाढवा, फरक पडत नाही. २०१८ मध्ये रीमास्टर, म्हणजे नव्याने उजळलेली प्रत, आला तेव्हा मी आशेवर होतो, पण मूळ मिक्सला, म्हणजे कुठलं वाद्य किती मोठं ऐकू यावं त्या जुळणीला, हात लावलाच नाही. माझं मत असं की बँडने नव्याने मिक्स करून बास वर आणावा. जुनं मिक्स बाद करा असं म्हणत नाही, दोन्ही राहू देत.

बँडचा बासवादक क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला आणि पुढच्याच महिन्यात जेसन न्यूस्टेड त्याच्या जागी आला. त्याचा बँडसोबतचा हा पहिला पूर्ण अल्बम. सुरुवातीचं 'ब्लॅकन्ड' रचण्यात त्याचाही हात आहे, श्रेयात नाव आहे. रचलेलं ऐकू येतं आणि वाजवलेलं येत नाही, हे मला आजही सहन होत नाही.

रात्रपाळी
पूर्ण असहमत. बर्टनचा मृत्यू, न थांबलेले दौरे, आणि आत साठलेला राग, हे सगळं त्या कोरड्या, हाडं दिसणाऱ्या आवाजात आहे. खाली आधार नाही म्हणूनच तो अल्बम इतका गार लागतो. बास भरला तर तो ऐकायला सुखद होईल, आणि हा अल्बम सुखद असावा असं मला अजिबात वाटत नाही. बँडचा गायक-गिटारवादक हेटफिल्डनेही मुलाखतींत सांगितलंय की तो त्या काळाचा ठसा आहे, बदलणार नाही. ज्यांनी केला त्यांचा शब्द शेवटचा.

खर्जप्रेमी
'ज्यांनी केला' त्यांत न्यूस्टेड येत नाही का? त्याने आपला बास एका साहाय्यक ध्वनिमुद्रकासोबत बसून वाजवला, निर्माता शेजारी नव्हता. मिक्सच्या वेळी त्याला कुणी विचारलं नाही. तुम्ही ज्याला ठसा म्हणता तो चौघांपैकी दोघांनी उमटवलेला आहे.

सहा तारा
दोघांचंही थोडं चुकतंय असं वाटतं. मी रिदम गिटार वाजवतो आणि मेटलची दोन-तीन रेकॉर्डिंग जवळून पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गिटारची सर्वांत जाड तार साधारण ८२ हर्ट्‌झला वाजते, बासची ४१ ला. पण बासचा जो भाग कानाला 'बास' म्हणून कळतो तो वरच्या पट्टीत असतो, आणि तिथेच हेटफिल्डची रिदम गिटार थरावर थर देऊन ठाण मांडून बसली आहे. तिची मधली पट्टी कापलेली, खाली जाड, वर धारदार. त्यात पायाने वाजणाऱ्या किक ड्रमचा टक्‌टक् आवाज. न्यूस्टेड बहुतेक ठिकाणी गिटारचीच ओळ स्वर न् स्वर वाजवतो. दोन वाद्यं तेच स्वर त्याच क्षणी वाजवत असतील तर जाड आवाजाचं वाद्य दुसऱ्याला गिळतं. म्हणून नुसता बासचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, वर सरकवून भागणार नाही. गिटारचा खालचा भाग कापावा लागेल, आणि तो कापला की तीच गिटार राहत नाही. रात्रपाळी यांची भीती तेवढ्यापुरती खरी आहे.

पण हे सगळं ठरवून झालं असं समजू नका. लॉस एंजेलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत निर्माता फ्लेमिंग रासमुसेनने रेकॉर्डिंग केलं, मिक्स मात्र स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या बेअर्सव्हिलला केलं. रासमुसेन तिथे नव्हता. हेटफिल्ड आणि ड्रमर उलरिक दौऱ्याच्या धावपळीत येऊन-जाऊन होते, आणि कान थकलेले होते हे हेटफिल्डने स्वतः कबूल केलंय. थकलेल्या कानाला वरच्या पट्टीतलं कमी ऐकू येतं, मग माणूस तेच वाढवत जातो. थॉम्पसन तर सांगतो की उलरिकने बास आधी जेमतेम ऐकू येईल इतका खाली आणायला लावला, मग त्याहूनही खाली. याला कलात्मक निर्णय म्हणायला माझं मन धजत नाही.

जुनी कॅसेट
मेगाडेथ या दुसऱ्या मेटल बँडचं उदाहरण विसरू नका. १९९० चा 'रस्ट इन पीस' बँडचा म्होरक्या मस्टेनने २००४ मध्ये नव्याने मिक्स केला, काही ठिकाणी गायनही पुन्हा केलं. आवाज स्वच्छ झाला, पण ज्या गाण्यांवर मी वाढलो ती परकी झाली. मी पुन्हा जुनीच प्रत शोधून काढली. एकदा दार उघडलं की नुसत्या बासवर कोण थांबतं?

खर्जप्रेमी
म्हणूनच म्हटलं, दोन्ही ठेवा. रश या रॉक बँडने २००२ चा आपला अल्बम 'व्हेपर ट्रेल्स' २०१३ मध्ये नव्याने मिक्स करून काढला, आणि तो ऐकून मला पहिल्यांदा कळलं की त्या आवाजाच्या भिंतीमागे काय काय वाजत होतं.

रात्रपाळी
पण तिथे ती बँडचीच इच्छा होती. इथे इच्छा तुमची आहे, त्यांची नाही.

सहा तारा
त्यांनाही चूक कळली असावी. मेटॅलिकाच्या पुढच्याच अल्बमसाठी निर्माता म्हणून बॉब रॉक आला, तोच स्टुडिओ, ऑक्टोबर १९९० ते जून १९९१. त्याने चौघांना एकत्र वाजवायला लावलं, आणि बास पहिल्या गाण्यापासून छातीत लागतो. वादक तोच, न्यूस्टेड.

खर्जप्रेमी
रात्रपाळी, तुमचा एक मुद्दा मानतो. अल्बमचा कोरडेपणा मलाही प्रिय आहे आणि तो गमावायचा नाही. मग निदान बासचे ट्रॅक तरी वेगळे ऐकवा. २०१८ च्या मोठ्या संचात डेमो दिले, कच्ची मिक्स दिली, मैफली दिल्या. त्यात एक तबकडी नुसत्या न्यूस्टेडची असती तर मूळ अल्बमला धक्काही लागला नसता.

रात्रपाळी
त्याला माझी हरकत नाही. ती तबकडी निघाली तर मीही घेईन.