लेझर एन्ग्रेव्हर नवीन आहे: आधी काय घ्यावं?

नक्षीवेल:
नमस्कार. ५ वॉटचं निळ्या डायोडचं एन्ग्रेव्हर घेतलंय आणि सुरुवातीपासून नुसता वैताग चाललाय. प्लायवर नाव कोरलं की अक्षरांच्या कडा आतल्या भागापेक्षा जास्त काळ्या येतात. गोल काढला तर तो अंडाकृती. लेझरजीआरबीएलमध्ये (मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) एस-मॅक्स, म्हणजे पॉवरचा कमाल आकडा, ३०० ठेवा नाहीतर ८००, काळेपणा तोच. ३ मिमी प्लाय कापायला घेतला की निम्म्या जागी आरपार, निम्म्या जागी चिकटलेला. एअर असिस्ट (हवेचा झोत), हनीकोंब (खाली ठेवायची जाळी), लाइटबर्न (दुसरं सॉफ्टवेअर) यांतलं आधी काय घेऊ? बजेट मशीनच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाच्या आत, त्यावर कृपया सुचवू नका. मला नावाच्या पाट्या करायच्या आहेत.

लाकूडवेडा:
५ वॉटच्या नादी लागू नका, विकून टाका आणि सरळ सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या ट्यूबचं लेझर) घ्या. मी तेच केलं. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकसुद्धा कापतं. तुमच्या डायोडचा ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्यातून नुसता आरपार जाणार. सीओटूचा १०.६ मायक्रॉनचा किरण अ‍ॅक्रिलिक शोषून घेतं.

पाटीपेन्सिल:
लाकूडवेडा, त्यांनी बजेट लिहिलंय आणि अ‍ॅक्रिलिकचं विचारलेलंच नाही.
नक्षीवेल, एअर असिस्टचा पंप घ्या. हवेच्या झोताने धूर बाजूला होतो, किरण लाकडापर्यंत पोचतो, लेन्सवर काजळी धरत नाही. माझं कापणं पंप लावल्यावरच सुधारलं.

भुस्सा:
+१ एअर असिस्ट. आणि फोकस तपासा.

तिसरी_मिती:
५ वॉट म्हणजे नक्की कुठले ५ वॉट? मी खोक्यावर ४० वॉट वाचून मशीन घेतलं, तर तो आकडा मशीन किती वीज ओढतं त्याचा निघाला. किरणाची शक्ती होती जेमतेम ५. विक्रेत्याने हात वर केले. ऑप्टिकल पॉवर विचारल्याशिवाय कोणीही काहीही घेऊ नये.

लाकूडवेडा:
म्हणूनच म्हणतो, सीओटू.

भुस्सा:
सीओटूला ट्यूब थंड ठेवायला पाणी खेळवावं लागतं, आरसे जुळवत बसावं लागतं. नवख्या माणसाला कशाला हे?

काजळरेघ:
नक्षीवेल, खरेदीचं नंतर बघू. लेझरजीआरबीएलच्या कन्सोलमध्ये (आदेश टाइप करायची जागा) $$ लिहून एंटर करा आणि $३० समोर काय येतं ते सांगा. तो फर्मवेअरचा, म्हणजे मशीनच्या आतल्या प्रोग्रॅमचा, कमाल एस (पॉवरचा) आकडा. तिथे २५५ असेल तर त्याच्या वरचं सगळं पूर्ण पॉवरनेच जळणार. ३०० आणि ८०० मध्ये फरक दिसायचा कसा? $३२ (लेझर मोड) सुद्धा बघा, १ हवं. मग कोरताना लेझर चालू करायचा आदेश एम३ ऐवजी एम४ निवडा. त्यात डोकं कडेला हळू झालं की पॉवरही तेवढी उतरते. एम३ मध्ये वेग मंदावला तरी पॉवर तीच राहते, म्हणून कडा करपतात.

ओवीबद्ध:
अवांतर: रेक्झिनवर कोरता येईल का? पाकिटं करायची आहेत.

काजळरेघ:
अजिबात नको. रेक्झिनवर बहुधा पीव्हीसी असतं. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतं. फुप्फुसांना घातक, शिवाय मशीनचे लोखंडी भाग गंजतात. खिडकी उघडी ठेवून चालेल, असंही समजू नका.

पाटीपेन्सिल:
कागदी मास्किंग टेप लावा, धुराचे डाग लाकडावर येत नाहीत.

तिसरी_मिती:
टेपचा चिकटा बारीक अक्षरांत अडकतो, मग टोकरत बसा. मी बंद केलं. आधी कोरून नंतर पॉलिश पेपर मारतो.

भुस्सा:
फोकस तपासला का?

नक्षीवेल:
काजळरेघ, $३० ला २५५ आहे! $३२ ला ०. दोन्ही बदलले, $३० ला १००० केलं. एस-मॅक्स ३०० वर छान तपकिरी अक्षरं आली, कडाही आतल्यासारख्याच. इतके दिवस लाकडाला दोष देत होते. भुस्सा, फोकस ठोकळा ठेवून लावला आहे. पण गोल अजून अंडाकृतीच.

काजळरेघ:
आता डोकं हलवणारे पट्टे. ढिला पट्टा दिशा बदलताना झोल खातो. दोन्ही बाजूंचे ताणून घ्या आणि मोटरच्या कप्पीवरचा बारीक स्क्रू घट्ट करा, तो सैल असला तर पट्टा कितीही ताणून उपयोग नाही. चाकांचे नट मात्र फार आवळू नका, डोकं अडकतं.
कापण्याचं म्हणाल तर प्लायच्या आत गोंद सगळीकडे सारखा नसतो आणि फळी वाकलेली असली की फोकसही जागोजागी बदलतो. सपाट फळी घ्या, कडांना दाबून धरा. आणि चष्मा कुठला आहे?

नक्षीवेल:
मशीनबरोबर आलेला हिरवा. दांडीवर काहीच छापलेलं नाही.

काजळरेघ:
मग तो वापरू नका. दांडीवर ४५० नॅनोमीटर ज्यात येतं ती तरंगलांबीची मर्यादा आणि त्यापुढे ओडीचा (काच प्रकाश किती अडवते त्याचा) आकडा छापलेला हवा. उघडं मशीन चौथ्या वर्गाचं लेझर असतं, चकचकीत पत्र्यावरून परतलेला किरणही डोळा घालवू शकतो. पंप राहू दे, चष्मा आधी.

लाकूडवेडा:
आमच्या सीओटूला झाकण असतं, ही कटकटच नाही.

पाटीपेन्सिल:
चष्मा घ्याच, पण पंपही घ्या. पंपाशिवाय ५ वॉटवर ३ मिमी नीट कापून दाखवा.

नक्षीवेल:
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: चांगला चष्मा, आणि उरलेल्या सगळ्या पैशांचा सपाट, एकसारखा प्लाय. पंप, हनीकोंब, लाइटबर्न काहीच नाही. कापणं लेझरवर करणारच नाही. पाट्यांचे आकार साधे आहेत, हातकरवतीने कापेन. कोरण्यात जी मजा येतेय ती मला पुरे. काल वेग आणि पॉवरचे चौकोन जाळून एक नमुनापट्टी केली. प्रत्येक नव्या फळीला आधी तशीच एक करणार. पट्टे ताणल्यावर गोल आता गोल येतो.

पाटीपेन्सिल:
तुमची मर्जी. तीन महिन्यांत पंप घ्याल.

ओवीबद्ध:
रेक्झिन नाही तर खरं चामडं चालेल का?

काजळरेघ:
वनस्पतीच्या सालीने कमावलेलं असेल तर हो, धूर बाहेर काढायची सोय करून. क्रोमने कमावलेलं नको, जळताना विषारी क्रोमियम सुटू शकतं. नवा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.