अनुभव धागा: इंग्लंडमधल्या जुन्या पबांचं अंतरंग

टेम्सकाठी
दुसऱ्या एका धाग्यावर पबचा विषय निघाला आणि गाडी लगेच बिअरच्या ब्रँडवर घसरली, म्हणून हा वेगळा धागा. किती प्यालात ते इथे नको. आत काय पाहिलंत ते लिहा: लाकूड, काच, फरशा, छत, खोल्या. न पिणाऱ्यांनी तर जरूर लिहा, त्यांचं लक्ष भिंतींकडे जास्त असतं.

सुरुवात माझ्यापासून. लंडनमध्ये होबर्नला प्रिन्सेस लुईझ आहे. आतली सजावट १८९१ ची. मध्ये काउंटर आणि त्याच्याभोवती लाकूड-काचेच्या पार्टिशनांनी पाडलेले छोटे कप्पे. हे कप्पे मधल्या काळात काढून टाकले होते, २००८ च्या दुरुस्तीत पुन्हा उभे केले. कप्प्यात उभं राहिलं की समोर बारमन आणि दोन्ही बाजूंना नक्षी कोरलेली धुरकट काच. शेजारच्यांचं हसणं स्पष्ट ऐकू येतं, दिसतो मात्र फक्त एक अंधुक खांदा.

हे कप्पे शोभेचे नव्हते. कष्टकऱ्यांसाठी पब्लिक बार, तिथे उघडी जमीन आणि बाकडी. बऱ्या कपड्यांतल्यांसाठी सलून बार, तिथे गालिचा आणि गाद्या. बिअर तीच, पण सलूनमध्ये दर थोडा चढा. पुढे बहुतेक पबांनी मधल्या भिंती पाडून एकच मोठा हॉल केला. माझ्या मते तिथेच निम्मी मजा गेली.

अवंती_क
लंडनमध्येच लॅम्ब्स कंड्युट स्ट्रीटवरचा द लॅम्ब! तिथे काउंटरवर डोळ्यांच्या उंचीला काचेच्या छोट्या फिरत्या झडपांची ओळ आहे, स्नॉब स्क्रीन म्हणतात. झडप बंद केली की गिऱ्हाइकाचा चेहरा बारमनला दिसत नाही, खालच्या फटीतून ग्लास आणि पैसे सरकतात. मी एक झडप उघडबंद करून पाहिली. काचेवर बारीक वेलबुट्टी, आणि कडेचं लाकूड हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. पलीकडे ग्लास भरणारे दोन हात तेवढे दिसत होते.

मोघम
तोंड लपवा पण पैसे दाखवा. व्यवहार चोख!

मर्सीकाकू
लिव्हरपूलच्या फिलहार्मोनिक डायनिंग रूम्सबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? १८९८ ते १९०० मध्ये बांधलेला पब. महोगनी, मोझेक, रंगीत काचा, नजर ठरत नाही. सगळ्यात नावाजलेलं काय, तर पुरुषांचं स्वच्छतागृह! गुलाबी संगमरवरी मुताऱ्या. आमचे हे आत जाऊन आले ते बाहेर येऊन पाच मिनिटं वर्णनच करत होते. शेवटी बारवरच्या मुलीला विचारलं, तिने आत कोणी नाही ना ते पाहिलं आणि मला दाखवून आणलं. २०२० मध्ये या पबला संरक्षित इमारतींतला सर्वोच्च, म्हणजे ग्रेड वन दर्जा मिळाला. आत काहीजण पाय पसरून फुटबॉलवर भांडत बसले होते, त्यांना त्याचं काही नाही.

कॅमकाठचा_जोशी
केंब्रिजच्या ईगलमध्ये सगळे पर्यटक डीएनएच्या पाटीचे फोटो काढतात. १९५३ च्या फेब्रुवारीत, डीएनएची रचना उलगडणाऱ्या फ्रान्सिस क्रिकने आपल्याला जीवनाचं रहस्य सापडल्याचं इथेच जाहीर केलं, अशी ती गोष्ट. पण मागच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) बारमध्ये जाऊन मान वर करा. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांनी मेणबत्ती आणि लायटरच्या काजळीने छतावर आपली नावं, तुकड्यांचे क्रमांक लिहून ठेवलेत. काही अक्षरं तिरकी, काही अर्धवट. टेबलावर चढल्याशिवाय हात पोचणार नाही एवढं उंच छत आहे. मी पेय घेऊन बसलो आणि ते थंड असताना प्यायचं राहूनच गेलं.

शंकेखोर
जरा पाणी ओततो. भिंतीवर जुनं साल दिसलं की लगेच हुरळू नका. नॉटिंगहॅमच्या 'ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम'वर स्थापनेचं साल म्हणून ११८९ असं ठळक रंगवलंय, पण आजची इमारत बरीचशी सतराव्या शतकातली. मागच्या खोल्या मात्र किल्ल्याखालच्या वालुकाश्मात कोरलेल्या आहेत, तो खडक खराखुरा. आणि साखळी पबांतली, जुनेपणाच्या देखाव्यासाठी वजनावर आणलेली पुस्तकं नि चिकटवलेल्या तुळया यांचा तर वेगळा धागा निघेल.

किलबर्नकर
लंडनमधल्या आमच्या किलबर्न भागातल्या कार्लटन टॅव्हर्नची गोष्ट. १९२०-२१ चा साधा, फरशांचा पब. एप्रिल २०१५ मध्ये मालक कंपनीने परवानगी न घेताच तो पाडला. पण रहिवाशांना आधीच कुणकुण लागली होती आणि त्यांच्या धडपडीमुळे इमारतीची तपशीलवार नोंद झालेली होती. वेस्टमिन्स्टर कौन्सिलने, म्हणजे तिथल्या पालिकेने, आदेश दिला: होता तसा बांधा, वीट न् वीट. एप्रिल २०२१ मध्ये उघडला. शेजारच्या म्हाताऱ्या बाई खुर्ची ओढून कोपऱ्यात अशा बसल्या की मधली सहा वर्षं झालीच नाहीत. आता शंकेखोर विचारतील, हा जुना की नवा? आम्हाला फरक पडत नाही.

नवी_पाहुणी
आई-बाबा जूनमध्ये येताहेत. दोघंही पीत नाहीत. एकच पब दाखवायचा तर कुठला?

टेम्सकाठी
सदर्कचा द जॉर्ज इन. १६७६ च्या आगीनंतर १६७७ मध्ये पुन्हा बांधलेली घोडागाड्यांची सराई, लाकडी गॅलऱ्या असलेली लंडनमधली ही एकच उरली आहे. पूर्वी अंगणाच्या इतर बाजूंनाही इमारती होत्या, त्या रेल्वे कंपनीने पाडल्या. आता नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची मालकी. माझ्या वडिलांना वरची गॅलरी थेट आमच्या गिरगावातल्या चाळीसारखी वाटली. संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर उभं राहायला जागा नसते, म्हणून दुपारीच जा. टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका, आधी काउंटरवर जाऊन सांगायचं. चहा-कॉफीची चौकशीही तिथेच करा.